करिंथची पंगत

(भिलाई येथील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज ज्या पत्राबद्दल बोलायचं आहे, ते आपल्याला लिहिलेलं नाही. इ.स. ५४च्या आसपास इफिस शहरातून पौल नावाच्या एका ज्यू माणसाने समुद्रापलीकडच्या करिंथमधल्या लहानशा ख्रिस्ती मंडळीला ते लिहिलं. पौलाचा धंदा तंबू शिवण्याचा, आणि करिंथला राहिला तेव्हा अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याकडे त्याने हेच काम केलं. बायबलच्या नव्या करारात हे पत्र 'करिंथकरांस पहिले पत्र' म्हणून छापलं जातं. पण ते पहिलं नव्हे. त्याच्या पाचव्या अध्यायात आधीच्या एका पत्राचा उल्लेख आहे आणि ते पत्र हरवलं आहे. करिंथकरांनी पौलाला काही प्रश्न लिहून पाठवले होते, तेही हरवले. एका लांबलेल्या भांडणातला मधलाच कागद तेवढा आपल्या हाती आला आहे. तो वाचताना प्रत्येक ओळीपाशी विचारावं लागतं, की समोरून काय म्हटलं गेलं असेल, म्हणून हा माणूस असं बोलतो आहे?

या पत्राचा तेरावा अध्याय तुमच्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. प्रीतीची थोरवी सांगणारा हा अध्याय ख्रिस्ती लग्नात हमखास वाचतात. मला तो अतिशय प्रिय आहे. पण नवरा-नवरीसमोर वाचला जातो तेव्हा वाटतं की तो भलत्याच लोकांना ऐकवला जातो आहे. तो लिहिला गेला एका जेवणावरून झालेल्या भांडणाच्या पोटात. ते जेवण समजलं तर पत्र समजतं, असं माझं मत आहे, आणि आजचं व्याख्यान त्या जेवणाभोवतीच फिरणार आहे.

आधी ते शहर पाहू. इ.स.पू. १४६मध्ये रोमन सेनापती मुम्मियसने करिंथ लुटलं, जाळलं, आणि पुढची सुमारे १०० वर्षं तिथे भग्न भिंतींशिवाय फारसं काही उरलं नाही. इ.स.पू. ४४मध्ये ज्युलियस सीझरने ते पुन्हा वसवायचं ठरवलं. वस्तीला पाठवलेल्यांत मोठा भरणा होता मुक्त झालेल्या गुलामांचा. दोन बाजूंना दोन बंदरं, मधून व्यापार, शेजारी इस्थमसचे खेळ, आणि नाव काढावं असं कांस्यकाम. वाडवडिलांची जमीन किंवा घराण्याचा मान कोणाच्याच गाठीला नव्हता. त्यामुळे मान मिळवायचा तो पैशाने, दानधर्माने, पाटीवर नाव कोरून. १९२९मध्ये करिंथच्या नाट्यगृहाजवळ एक शिलालेख सापडला: एरास्त नावाच्या माणसाने नगराचं पद मिळालं म्हणून स्वखर्चाने फरशी बसवून दिली. रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या शेवटी पौल एरास्त नावाच्या एका नगर-खजिनदाराचा नमस्कार कळवतो. दोघे एकच की वेगळे, यावर अभ्यासकांत वाद आहे. शहराचा स्वभाव मात्र त्या फरशीवर स्वच्छ वाचता येतो.

हे भिलाईच्या श्रोत्यांना मी अधिक काय समजावून सांगणार? २ फेब्रुवारी १९५५ला पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं, आणि भाताच्या शेतांच्या जागी सेक्टर उभे राहिले. नागपूर, वऱ्हाड, आंध्र, केरळ, बंगाल, पंजाब, बिहार, कुठून कुठून माणसं आली. शेजारी कोण असावा हे क्वार्टरच्या वाटपाने ठरलं. आपल्याच माणसांच्या ओढीने भाषेभाषेची मंडळं निघाली, देवळं, गुरुद्वारे, चर्चेस उभी राहिली. पण इथेही आधीपासून माणसं होती, त्यांची गावं, त्यांच्या जमिनी होत्या. करिंथच्या उद्ध्वस्त भिंतींतही काही लोक राहत होतेच, असं उत्खननातून दिसतं. नवं शहर वसवणाऱ्यांना नेहमी वाटतं की आपण रिकाम्या जागी आलो.

पौल या शहरात दीड वर्षं राहिला. तो काळ आपल्याला बऱ्यापैकी नेमका सांगता येतो, कारण त्याच्याविरुद्धची तक्रार ज्या रोमन प्रांताधिकारी गल्लियोसमोर गेली, तो तत्त्वज्ञ सेनेकाचा भाऊ, आणि डेल्फीला सापडलेल्या एका शिलालेखावरून त्याचा अधिकारकाळ इ.स. ५१-५२च्या सुमाराचा ठरतो. पौलाच्या प्रवचनातून जी मंडळी जमली तिच्यात सभास्थानाचा प्रमुख क्रिस्प होता, सगळ्यांना घरात उतरवून घेण्याइतका मोठा उंबरा असलेला गायस होता, स्तेफनाचं कुटुंब होतं. बाकीच्यांबद्दल पौल स्पष्टच सांगतो, की तुमच्यात शहाणे, बलवान, कुलीन असे फार नाहीत. म्हणजे थोडे होते. त्या थोड्यांचं आणि पुष्कळांचं जमेना, आणि पौल इफिसला गेल्यावर ते बाहेर आलं.

ही बातमी त्याला कोणी दिली, तर 'ख्लोवेच्या माणसांनी'. ख्लोवे ही बाई कोण, हे पत्र सांगत नाही. तिची माणसं म्हणजे बहुधा तिचे गुलाम किंवा तिच्या व्यापारावरचे नोकर. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. मंडळीच्या पुढाऱ्यांनी पौलाला लेखी प्रश्न पाठवले, त्यांत लग्न, मूर्तीला वाहिलेलं मांस, आत्मिक दानं असे विषय होते. गट पडलेत हे मात्र दुसऱ्याच्या चाकरीतल्या माणसांनी तोंडी सांगितलं. तक्रार कागदावर यायला वेळ लागतो, आणि ती कागदावर आणण्याची ऐपत सगळ्यांची नसते.

गट कसले? कोणी म्हणे मी पौलाचा, कोणी अपुल्लोस या दुसऱ्या प्रचारकाचा, कोणी केफाचा, म्हणजे पेत्राचा. मराठी ख्रिस्ती समाजाला हे परकं नाही. अमेरिकन मराठी मिशन १८१३मध्ये मुंबईत आणि १८३१मध्ये अहमदनगरला आलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच नगर भागात इंग्लंडचं एस.पी.जी. मिशन आलं आणि कोणती गावं कोणाची यावरून तंटे झाले. ज्या लोकांनी इंग्लंड आणि अमेरिका पाहिलीही नव्हती, ते एका ताटातून उठून दोन देशांच्या पंथांत वाटले गेले. २९ नोव्हेंबर १९७०ला नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा कुठे उत्तर भारतापुरता त्या वाटणीचा काही भाग मिटला.

पण पौलाला सर्वांत जास्त टोचलं ते अकराव्या अध्यायातलं.

त्या काळी ख्रिस्ती सभेला वेगळी इमारत नव्हती. मोठ्या घरात सगळे जमत, एकत्र जेवत, आणि त्या जेवणातच भाकर मोडून, प्याला फिरवून येशूच्या मरणाची आठवण करत. करिंथला काय व्हायचं? ज्यांना वेळ होता ते आधी येत, आणलेलं खात-पीत. उशिरा येणारे आले की उरलेलं असेल-नसेल. पौल लिहितो, की कोणी उपाशी राहतो आणि कोणाला दारू चढते. ज्यांच्यापाशी काही नाही त्यांना तुम्ही खाली पाहायला लावता का, असं तो त्यांना विचारतो, आणि पुढे म्हणतो, तुम्ही जेवता ते प्रभुभोजनच नव्हे.

मराठीत याला पंक्तिप्रपंच म्हणतात. रोमन जगात तो शिष्टाचार होता. पौलानंतर सुमारे अर्ध्या शतकाने धाकट्या प्लिनीने एका तरुण मित्राला लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. एका यजमानाने आपल्यासाठी आणि खास पाहुण्यांसाठी उंची पदार्थ, बाकीच्यांसाठी साधे, आणि दारू तीन प्रतींची ठेवली होती: एक स्वतःसाठी व बरोबरीच्यांसाठी, एक कमी दर्जाच्या मित्रांसाठी, एक मुक्त गुलामांसाठी. प्लिनीला ते आवडलं नाही. पण त्या यजमानाला आपण काही वावगं करतो आहोत असं वाटलंही नसेल. घराची रचनाही त्याला साथ देणारी होती. करिंथच्या अनाप्लोगा भागात सापडलेल्या एका रोमन घरातली जेवणाची खोली सुमारे ५.५ मीटर बाय ७.५ मीटर आहे. आडवं होऊन जेवायची आसनं मांडली तर नऊ-दहा माणसांत ती भरते. आपल्या मंडळीचं हे घर नव्हे. पण जेरोम मर्फी-ओकॉनर या अभ्यासकाने त्यावरून जो अंदाज बांधला तो मला पटतो. यजमानाचे बरोबरीचे आत, बाकीचे बाहेरच्या चौकात. कोणी कोणाला 'तू बाहेर बस' म्हणण्याची गरजच पडली नसेल.

आणि उशीर का होई? गुलामाचा किंवा रोजंदाराचा दिवस त्याचा नसतो. मालकाने सोडलं की तो निघतो. या शहरात कारखान्याचा कायम कामगार आणि ठेका मजूर यांच्यातलं अंतर आपण रोज पाहतो. जॉनथन पॅरी या मानववंशशास्त्रज्ञाने भिलाईत दीर्घकाळ राहून जे लिहिलं त्याचा गाभा हाच भेद आहे. एकाच गेटातून आत जाणाऱ्या दोघांपैकी एकाच्या सुट्टीला, आजारपणाला, म्हातारपणाला आधार असतो आणि दुसऱ्याच्या नसतो. कामगार नेते शंकर गुहा नियोगी याच प्रश्नावर लढत होते आणि २८ सप्टेंबर १९९१च्या पहाटे इथेच त्यांचा खून झाला. करिंथच्या पंगतीला उशिरा पोचणारा माणूस कोण, हे मला भिलाईत उलगडून सांगावं लागत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न वेळेचा नव्हता, जन्माचा होता. १८९०मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी जमली, तिथे चहा-बिस्किटं आली. गोपाळराव जोशींनी उपस्थितांची नावं छापून आणली आणि पुणं पेटलं. नावांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. शंकराचार्यांनी चौकशी नेमली, प्रायश्चित्तं झाली. चहाच्या एका कपाने एवढ्या मोठ्या माणसांना गुडघ्यावर आणलं. यावरून कळतं की एकत्र खाणं-पिणं ही आपल्या समाजाची केवढी नाजूक जागा होती.

याच काळातली दुसरी हकीगत आपल्या अगदी दारातली आहे. १८९३मध्ये कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले. डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग, भिलाई, हाच तो मार्ग. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटला, संस्कृत काव्यावर बोलणं झालं आणि त्याने टिळकांना नवा करार दिला. टिळकांनी तो राजनांदगावच्या मुक्कामात वाचला. डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेवलं. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मराठी कवितेच्या आणि मराठी ख्रिस्ती भक्तीच्या इतिहासातली इतकी मोठी गोष्ट इथून तासाभराच्या अंतरावर सुरू झाली, ती या गावांनी अधिक आठवायला हवी असं मला मनापासून वाटतं.

पण पंगतीची खरी परीक्षा दिली त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांनी ती लख्खपणे सांगितली आहे. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून काही वर्षांची ताटातूट, मग त्याच्याजवळ परत येऊनही सोवळं सांभाळणं, वेगळी चूल, पाण्याची काळजी. आणि मग एकदा माणसामाणसांतला हा भेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाशी स्वतःच झगडून जात मनातून काढून टाकणं. बाप्तिस्मा त्यांनी १९००मध्ये घेतला. शिवाशिव त्याआधी गेली होती. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मंडळींत ब्राह्मण घरांतून आलेले मोजके आणि महार-मांग घरांतून आलेले पुष्कळ असत. एका भाकरीचे तुकडे हातोहात फिरवणं हे त्या मोजक्यांना धर्मांतराहून अवघड गेलं असेल.

छत्तीसगडच्या ख्रिस्ती मंडळींचंही असंच. ऑस्कर लोर या जर्मन मिशनऱ्याने १८६८मध्ये विश्रामपूर वसवलं, ते सतनामींमध्ये. ज्यांना गावच्या पंगतीत जागा नव्हती अशा लोकांत आधीच गुरू घासीदासांनी समानतेची शिकवण रुजवली होती. पत्रातला अकरावा अध्याय अशा माणसांच्या कानाला कसा लागला असेल!

हा पंक्तिप्रपंच मोडायचा कसा? हुकूम काढून पाहिलेला आहे. १८३३मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी दक्षिणेतल्या मंडळ्यांना पत्र पाठवलं की जातिभेद ताबडतोब आणि कायमचा सोडा. भोसल्यांच्या तंजावरात अनेकांनी जात सोडण्याऐवजी मंडळीच सोडली. विल्सन यांचं म्हणणं न्यायाचंच होतं. पौल मात्र वेगळ्या वाटेने जातो. आधी तो त्यांना येशूच्या शेवटच्या रात्रीची हकीगत पुन्हा सांगतो, म्हणजे हे जेवण कोणाचं आहे ते आठवून देतो. मग बाराव्या अध्यायात शरीराचा दाखला देतो.

हा दाखला त्याचा स्वतःचा नाही. रोमन लोक एक जुनी गोष्ट सांगत: गरीब जनता शहर सोडून निघून गेली तेव्हा मेनेनियस अग्रिप्पाने तिला समजावलं, की हातापायांनी पोटावर रुसू नये, पोट बसून खातं असं दिसलं तरी तेच सर्वांना पोसतं. जनता परत आली. वरच्यांची सोय झाली. आपल्याकडे पुरुषसूक्तात मुख, बाहू, मांड्या, पाय असा क्रम आहे, आणि जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी'त या मुखातून जन्मण्याच्या कथेवर केवढा कोरडा ओढला ते मराठी वाचकाला ठाऊक आहे. शरीराचा दाखला सहसा पायांना जागेवर ठेवण्यासाठीच वापरला गेला आहे. पौल तो उलटा फिरवतो. डोळा हाताला 'तुझी गरज नाही' म्हणू शकत नाही, असं तो म्हणतो, म्हणजे तो वरच्या अवयवांना बोलतो आहे. जे अवयव दुबळे दिसतात तेच अधिक गरजेचे. ज्यांना कमी मान, त्यांना देवाने अधिक मान दिला. एक दुखला की सगळे दुखतात. त्या चौकात उभ्या राहिलेल्या गुलामाने हे वाक्य मोठ्याने वाचलं जाताना ऐकलं असेल, आणि आत आडवं पडून जेवणाऱ्यानेही. दोघांनी ते एकाच वेळी ऐकलं, ही त्या पत्राची ताकद.

आता इथे तेरावा अध्याय वाचून पाहा. प्रीती हेवा करत नाही, फुगत नाही, स्वतःचंच पाहत नाही, असं तो सांगतो तेव्हा करिंथकर नेमकं जे करत होते त्याचीच यादी तो वाचतो आहे. हेवा तिसऱ्या अध्यायात आला आहे, फुगणं चौथ्यात, स्वतःचंच पाहणं दहाव्यात. लग्नमंडपात हा अध्याय गोड लागतो. करिंथच्या त्या घरात तो ऐकून काहीजणांच्या घशाखाली घास उतरला नसेल.

ताटावरचा दुसरा वाद मूर्तीला वाहिलेल्या मांसाचा, आणि तो आपल्या फार जवळचा. शेजारच्या घरी सत्यनारायण आहे, मंडळाच्या गणपतीचा प्रसाद वाटतायत, ख्रिस्ती माणसाने काय करावं? पौलाचं उत्तर मला त्याच्या सगळ्या उत्तरांत शहाणं वाटतं. बाजारात मिळतं ते फार चौकशी न करता घ्या. कोणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा. पण तुमच्या खाण्याने एखाद्या दुबळ्या मनाच्या भावाचा पाय घसरत असेल, तर त्याच्यासाठी सोडा. ज्ञान असणाऱ्याने आपल्या ज्ञानाचा हक्क कोणाला पाहून वापरायचा, हा प्रश्न त्याने ताटावरून उचलून माणसावर नेला. देवळातल्या मेजवानीत मात्र बसू नका, असंही तो सांगतो. दोन्ही गोष्टी एकत्र वाचायला हव्यात. आपापल्या सोयीची एकच उचलणारे दोन्हीकडे आहेत.

एका ठिकाणी पौल कमी पडला असं मी म्हणेन. भूक लागली असेल तर घरी खाऊन या, असं तो त्या श्रीमंतांना सांगतो. म्हणजे सभेपुरती लाज राखली गेली, घरातली ताटं तशीच राहिली. उपाशी माणूस घरी काय खाणार होता? पुढे चौदाव्या अध्यायात बायकांनी मंडळीत गप्प बसावं, अशी ओळ येते. अकराव्यात तोच पौल मंडळीत प्रार्थना करणाऱ्या, संदेश देणाऱ्या बायकांना गृहीत धरतो. ती ओळ नंतर कोणीतरी घातली असंही काही अभ्यासक मानतात. या ओळीने शतकानुशतकं बायकांचं तोंड बंद केलं, हे मात्र कोणीच नाकारू शकत नाही. म्हणूनच पंडिता रमाबाईंचं मला मोल वाटतं. १८८३मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर सिस्टर जेराल्डीन आणि चर्चच्या अधिकाऱ्यांशी त्यांनी पत्रांतून जो वाद घातला, त्याचा सूर एकच: एका गुरूचं जोखड टाकून मी दुसऱ्याचं मानेवर घेण्यासाठी आलेले नाही, शास्त्र मी स्वतः वाचणार. त्या शब्द पाळणाऱ्या होत्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि त्यांनी बायबल साध्या, न शिकलेल्या बाईलाही कळेल अशा मराठीत उतरवलं. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४मध्ये छापून झाला. त्यात करिंथकरांना लिहिलेली दोन्ही पत्रं आहेत, म्हणजे बायकांना गप्प करणारी ती ओळही एका बाईने आपल्या हाताने मराठीत आणली.

या पत्राने करिंथचं भांडण मिटलं का? नाही. दुसऱ्या पत्रावरून दिसतं की पौल मध्ये एकदा जाऊन दुखावून परतला आणि मग त्याने अश्रू गाळत आणखी एक पत्र लिहिलं. तेही बहुधा हरवलं. जेरुसलेमच्या गरिबांसाठी दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी थोडं थोडं बाजूला ठेवा, असं त्याने पहिल्या पत्रात सांगितलं होतं. तो निधी वर्षभर रेंगाळला, आणि दुसऱ्या पत्रातले दोन अध्याय त्याला पुन्हा मागण्यात घालवावे लागले. पुढे सुमारे ४० वर्षांनी, इ.स. ९६च्या आसपास, रोमच्या मंडळीने करिंथला एक लांबलचक पत्र पाठवलं. ते क्लेमंटच्या नावाने ओळखलं जातं. करिंथकरांनी आपल्या वडीलधाऱ्या सेवकांना पदावरून काढलं होतं आणि पुन्हा दोन तट पडले होते. धन्य पौलाचं पत्र हातात घ्या आणि वाचा, असं त्या पत्रात त्यांना बजावलं आहे. म्हणजे ते पत्र तेव्हाही करिंथला जपून ठेवलेलं होतं.

त्यानंतर आणखी सुमारे ७० वर्षांनी, इ.स. १७०च्या सुमारास, करिंथचा बिशप दियोनिसियस याने रोमला पाठवलेल्या एका पत्राचे तुकडे युसेबियस या इतिहासकाराने जपले आहेत. त्यात तो कळवतो, की आज रविवारी आम्ही तुमचं पत्र वाचलं, आणि क्लेमंटच्या हातून पूर्वी आलेलं पत्रही आम्ही असंच वाचत असतो.